अर्जाची पोच हवी आहे

प्रति,
पदभरती कक्ष,
मुंबई आणि परिसरातली सर्व विद्यापीठं, महाविद्यालयं व संशोधन संस्था

विषय : आपल्या जाहिरातींबाबत

महोदय/महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की... इथपर्यंत हात आपोआप चालतो. अकरा वर्षं हेच वाक्य लिहितेय. परवा आमच्या सोसायटीला पाण्याच्या गळतीबद्दल पत्र दिलं, तर त्यातही शेवटी ‘माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ असं लिहून गेले. सेक्रेटरी हसले. पण संध्याकाळी त्यांचा निरोप आला, ‘पत्र मिळालं, प्लंबर शनिवारी येईल.’ प्लंबर रविवारी आला, ते सोडा. अकरा वर्षांत मी तुम्हाला पाठवलेल्या अर्जांना ‘पत्र मिळालं’ एवढंही उत्तर आलेलं नाही, हे त्या निरोपामुळे डोक्यात बसलं आणि जाईना. म्हणून हे पत्र, उघड्यावर. पाकिटातली पत्रं पोचतात की नाही ते मला कळत नाही.

माझी ओळख अर्जात असते तशीच देते. विषय वनस्पतिशास्त्र. एम.एस्सी., नेट (अध्यापकपदाची पात्रता परीक्षा), पीएच.डी.; प्रबंध ठाणे खाडीतल्या तिवरांवर, म्हणजे तिथल्या खारफुटीवर. वय ३९. राहायला डोंबिवली. सध्या दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सगळे ज्याला सीएचबी म्हणतात ते. एक कॉलेज मेन लाइनवर, दुसरं हार्बरवर, आणि मधला कुर्ल्याचा पूल ही माझी स्टाफरूम. तिथे उभ्याने मी जर्नल्स तपासली आहेत, तुमचे ऑनलाइन फॉर्म भरले आहेत, आणि सतरा पानं भरून झाल्यावर ‘आपले सत्र संपले आहे, पुन्हा लॉगिन करा’ हे वाचून एकदा रडलेही आहे.

पत्राचं दुसरं निमित्त एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. माझ्या पहिल्या टी.वाय.च्या बॅचमधल्या एका मुलीने पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मॅम, तुमच्यासाठीच निघालीये ही पोस्ट!’ कांदळवनांवरचा, म्हणजे खारफुटीच्या जंगलांवरचा प्रकल्प, काम अगदी माझ्या ओळखीचं. पद रिसर्च असोसिएट, दरमहा ५८,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता. कालावधी एक वर्ष किंवा प्रकल्प संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल ते. वयोमर्यादा ३५, महिलांना पाच वर्षांची सवलत. म्हणजे मी जेमतेम एका वर्षाने आत. तिने मला पाठवलं तेव्हा तिचीही पीएच.डी. होऊन सहा महिने झाले होते आणि तीही अर्ज करणार होती. हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

५८,००० हा आकडा तुम्हाला जाहिरातीतल्या एका ओळीसारखा दिसत असेल. मला तो कसा दिसतो ते सांगते. अनुदानित बाजूला पदवीच्या तासाला मला ९०० रुपये मिळतात आणि आठवड्याला नऊ तासांच्या वर घेता येत नाहीत. कागदावर आठवड्याचे ८,१०० होतात. मग गणपती येतात, दिवाळी येते, सेमिस्टरची परीक्षा येते, कॉलेजचा फेस्टिव्हल येतो, एखाद्या जुलैच्या सकाळी शीवला रुळांवर पाणी येतं. तास झाला नाही तर पैसे नाहीत. झालेल्या तासांचे पैसेही महिन्याला येत नाहीत. बिल सादर होतं, तपासलं जातं, शेऱ्यासह परत येतं, पुन्हा सादर होतं. मे महिन्यात मी कुणाचीच कर्मचारी नसते. विनाअनुदानित बाजूचा दर सांगत नाही; तो ऐकून आमच्या घरकामाच्या मावशी हळहळल्या होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर ठरवून दिला होता. त्या परिपत्रकाची प्रत माझ्या फायलीत आहे. इतक्या कागदपत्रांच्या याद्या तुम्ही छापता, पण ती प्रत अजून कुणी मागितलेली नाही.

तर मी अर्ज केला.

थेट मुलाखत होती. नोंदणी सकाळी साडेनऊला, म्हणून सहा-पन्नासची गाडी पकडली. पावसाचे दिवस, मूळ प्रमाणपत्रांची फाईल दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पोटाशी धरलेली, पाठीवरच्या सॅकमध्ये झेरॉक्सचे संच आणि डबा. संस्थेच्या कॉरिडॉरमध्ये खुर्च्या अठरा, माणसं चाळिसाच्या वर, पद एक. कोपऱ्यातल्या खुर्चीवर ती बसली होती. मला बघून ताडकन उठली, वर्गात उठायची तशी. ‘मॅम, बसा ना.’ मी बसले नाही, तीही बसेना. शेवटी ती खुर्ची तिसऱ्याच एका मुलाने पटकावली आणि आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहिलो. बाहेर अशोकाची झाडं होती. ‘खोटा अशोक,’ ती म्हणाली. पहिल्या वर्षी मीच शिकवलं होतं, की मुंबईभर रांगेने उभा असतो तो हा, खरा सीतेचा अशोक वेगळा. दोघी हसलो आणि मग काय बोलावं ते कळेना.

तिचा नंबर माझ्या आधी लागला. आत वीस मिनिटं होती. बाहेर आली आणि थेट माझ्याकडे येऊन कुजबुजली, ‘श्वसनमुळांवर विचारतायत, आणि क्षारता वाढली तर तिवराच्या पानात काय बदल होतो ते.’ तिने तो प्रश्न मला सांगायला नको होता. स्पर्धेच्या कुठल्याही नियमात ते बसत नाही. पण तिने सांगितलं, आणि नंतर आम्ही माझ्या डब्यातली मटकीची उसळ वाटून खाल्ली, कारण जेवणाच्या सुट्टीबद्दल जाहिरातीत काही लिहिलेलं नव्हतं आणि ‘कँटीन फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी होती.

माझा नंबर साडेचारला लागला. सात मिनिटं. पहिला प्रश्न, ‘तुम्ही या पदासाठी जरा सीनियर नाही का?’ दुसरा, ‘फील्डवर्क जमेल? चिखल असतो.’ माझ्या डाव्या पोटरीवर कालवाच्या शिंपल्याने कापल्याची चार बोटं लांब खूण आहे, २०१२ च्या ओहोटीतली. ती दाखवावी की नाही या विचारात उत्तर राहून गेलं. श्वसनमुळांवर कुणी काही विचारलंच नाही.

‘निकाल संकेतस्थळावर प्रसिद्ध केला जाईल.’ तीन महिने मी त्या संकेतस्थळावर योग दिनाचे फोटो पाहिले. मग त्या मुलीकडूनच कळलं, की निवड झाली ती आधीपासून त्याच प्रकल्पावर असलेल्या मुलाची. प्रकल्पाला दुसऱ्या टप्प्याचं अनुदान मिळालं, म्हणून पद नव्याने जाहीर करावं लागलं.

इथे मी तुम्हाला शिव्या देईन असं वाटत असेल तर थांबा. त्या मुलाने तीन वर्षं त्या चिखलात काढली होती. कुठल्या खुंटापाशी कोणती रोपं आहेत, भरती कुठवर येते, कोळीवाड्यातला कोण होडी देतो, हे त्यालाच माहीत. प्रकल्पप्रमुख मी असते तर मीही त्यालाच ठेवलं असतं. मला राग आला तो चाळीस माणसांच्या दिवसाचा. नियमाने जाहिरात द्यावी लागते, मान्य. पण मग जाहिरातीत एक ओळ टाका : ‘या पदावर सध्या एक व्यक्ती कार्यरत असून तीही अर्ज करू शकते.’ एवढंच. ज्याला तरीही यायचं तो येईल. जिचा एका दिवसाचा तास बुडून ९०० रुपये जाणार आहेत ती विचार करेल. जळगावहून रात्रभर प्रवास करून आलेला तो मुलगा कदाचित येणार नाही. सरकारी खरेदीच्या निविदेतसुद्धा जुना कंत्राटदार कोण ते लोकांना ठाऊक असतं; आमच्या बाबतीतच एवढी गुप्तता कशाला?

करार आणि मुदत यांचं या शहराला नवल नाही, हेही कबूल करते. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज मुंबईला यायचे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९४५ पासून. १९६२ साली त्यांच्या कराराचं नूतनीकरण झालं नाही. कोसंबींचं झालं नाही तिथे माझी काय कथा, असं म्हणून मी कधी कधी स्वतःची समजूत घालते. पण कोसंबींना निदान कळवलं होतं. अगदी अलीकडे, जून २०२४ च्या शेवटी, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शंभराहून अधिक कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना करार वाढणार नसल्याची पत्रं गेली आणि निधीचं आश्वासन मिळाल्यावर ती दोन दिवसांत मागे घेतली गेली. त्या दोन दिवसांत त्या घरांमध्ये काय बोलणी झाली असतील, ते मी तुम्हाला शब्दशः सांगू शकते.

आता कायम पदांकडे येते. तिथे जाहिरात क्वचित निघते, म्हणून तिचं अप्रूप जास्त. २०१७ साली राज्यात भरतीवर बंदी आली. २०१८ साली अनुदानित महाविद्यालयांतल्या ३,५८० सहायक प्राध्यापकपदांना परवानगी मिळाली तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. २०२१ साली २,०८८ पदांची घोषणा झाली, पुन्हा पेढे. मग कुणीतरी हिशेब मांडला, की ही २,०८८ पदं नवी नाहीत. ३,५८० मधली जी भरायची राहिली तीच पुन्हा ताटात वाढली आहेत. विद्यापीठाच्या विभागांची वाट त्याहून लांब. मुंबई विद्यापीठाने २०२४ साली १५२ पदं जाहीर केली, त्यात ७३ सहायक प्राध्यापक व सहायक ग्रंथपालांची. सगळे विषय, सगळे प्रवर्ग मिळून. आपल्या विषयाची, आपल्या बिंदूची, म्हणजे आरक्षणाच्या क्रमात आपल्या प्रवर्गाला आलेली जागा त्यात शोधायची म्हणजे दहावीच्या निकालात नंबर शोधण्यासारखं, बोट थरथरतं.

त्यामागची साखळी आम्हाला तुमच्याइतकीच पाठ आहे. आधी कार्यभार निश्चित व्हायचा, मग बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाच्या त्या क्रमाचा तक्ता, मागासवर्ग कक्षाकडून तपासून यायची, मग उच्च शिक्षण विभागाची ना हरकत, मग जाहिरात, छाननी, मग विषयतज्ज्ञ आणि कुलगुरूंचा प्रतिनिधी यांच्या एकमेकांशी न जुळणाऱ्या तारखा, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता, आणि शेवटी सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चिती. मधला एक मणी निसटला की जप पहिल्यापासून. फेब्रुवारी २०२४ मध्ये सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी १० टक्के आरक्षणाचा कायदा आला तेव्हा बिंदू नव्याने मांडावे लागले, तेही कळतं. ‘आरक्षणामुळे भरती अडते’ ही कुजबुज प्रत्येक कॉरिडॉरमध्ये ऐकू येते. ती मला मान्य नाही. केंद्रीय विद्यापीठांत विभाग हे एकक धरून तेरा बिंदूंची नामावली लावली गेली तेव्हा तीन जागांच्या विभागात एकही राखीव जागा निघत नव्हती. म्हणून तर २०१९ साली संस्थेला एकक धरण्याचा कायदा करावा लागला. बिंदू मांडणं हे कारकुनी काम आहे, माणसं बसली तर आठवड्यांत होतं. वर्षं जातात ती फाईल झोपते म्हणून. आणि ती झोपली आहे हे आम्हाला कुणी सांगत नाही म्हणून आम्ही जागे राहतो.

बरं, जाहिरात निघाली आणि अर्ज केला. मग गुणांचा तक्ता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीत पीएच.डी.ला ३० गुण, शोधनिबंधांना प्रत्येकी दोन असे जास्तीत जास्त १०, अनुभवाला वर्षाला दोन असे जास्तीत जास्त १०. बी.एस्सी.ला ८० टक्क्यांच्या वर असाल तर १५, ६० च्या वर असाल तर १३. म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी फिजिकल केमिस्ट्रीच्या पेपरला मला ताप होता, याची किंमत मी चाळिशीला टेकल्यावरही दोन गुणांनी मोजते आहे. असो, त्याला तुम्ही काय करणार.

अनुभवाचं मात्र तुमच्या हातात आहे. माझी अकरा वर्षं. कुठे पूर्ण धरली जातात, कुठे शून्य. का शून्य, म्हणून एकदा छाननीच्या टेबलावर विचारलं, तर त्या बाईंनी नियमावलीतलं कलम दाखवलं : तात्पुरत्या सेवेचा अनुभव धरायचा तर त्या काळातला पगार नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावा. नियमित सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. मी म्हटलं, ‘मॅडम, पगार कमी तुम्हीच दिलात.’ तुम्हीच म्हणजे ती संस्था नव्हे, एकूण व्यवस्था. बाई कसनुसं हसल्या आणि म्हणाल्या, ‘मी पण आठ वर्षं सीएचबी होते.’ मग आम्ही दोघींनी तो रकाना रिकामा सोडला.

नियम बदलतात त्याचंही थोडं. जुलै २०२१ पासून विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची होणार होती. माझ्या एका मैत्रिणीने त्या धास्तीने शाळेतली कायम नोकरी सोडून पूर्ण वेळ प्रबंधाला घेतला. मुदत २०२३ पर्यंत वाढली. २०२३ च्या जुलैत सक्तीच काढून टाकली, नेट-सेट पुरेसं झालं. तिचा प्रबंध त्याच वर्षी सादर झाला. शोधनिबंध कुठल्या नियतकालिकात छापायचे याची आयोगाची केअर यादी २०१९ मध्ये आली. त्या यादीत नाव आहे की नाही हे बघत आम्ही पाच-सहा वर्षं काढली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद. एवढ्या वळणांनंतर तुमच्या जाहिरातींमध्ये काही ठिकाणी अजून जुन्याच अटी छापलेल्या असतात. मागच्या वर्षीची फाईल उघडून तारीख बदलली, की झाली नवी जाहिरात. नियमावली बदलली तरी ‘अर्ज नोंदणीकृत पोस्टाने पाठवावा’ ही ओळ मात्र अमर आहे. टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन करून टाकलं. आता ती अट पाळायची तरी कशी?

आणि तीन संच. ऑनलाइन अर्ज भरायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं, सगळी कागदपत्रं स्कॅन करून चढवायची, आणि मग त्या सगळ्याचे तीन संच स्पायरल बाइंडिंग करून पोचवायचे. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्या काकांना माझा क्रम पाठ आहे. ‘दहावी, बारावी, मग जात-बीत नाही ना तुमचं, मग नेट, मग तो जाडा.’ जाडा म्हणजे प्रबंधाचं मुखपृष्ठ आणि शोधनिबंध. गेल्या खेपेला त्यांनी पारदर्शक कव्हरचे पैसे घेतले नाहीत. ‘या वेळी होईल बघा,’ म्हणाले. हे तुमच्यापैकी कुणी म्हणालं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

त्या अर्जाचं पुढे काय झालं ते विचारायला मी एका कार्यालयात फोन केला. चौदा वेळा. पंधराव्यांदा एका मुलाने उचलला. आवाज कोवळा. अर्ज क्रमांक सांगितला. पलीकडे कागद हलल्याचा आवाज, मग तो म्हणाला, ‘मॅडम, छाननी झाली की नाही ते मला पण माहीत नाही. साहेब बदलले. आधीचे साहेब कुलूप लावून गेले कपाटाला.’ मी विचारलं, पुन्हा कधी फोन करू? तो म्हणाला, ‘मार्चच्या आधी करा. मार्चला माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, मग कोण उचलेल सांगता येत नाही.’ मी त्याला त्याचं शिक्षण विचारलं. एम.कॉम. त्यानेही कुठेतरी लिपिकपदाचा अर्ज केला होता. त्याचीही पोच आली नव्हती. आम्ही दहा मिनिटं बोललो. या पत्रात जिथे जिथे ‘तुम्ही’ म्हटलं आहे तिथे तो मुलगा धरू नये.

त्या जाहिरातीचं पुढे काय झालं, तर ती रद्द झाली. ‘कोणतेही कारण न देता भरती प्रक्रिया रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे’ हे वाक्य तुम्ही सगळेच छापता आणि अधिकार वापरताही. वर्षभराने तीच पदं नव्याने निघाली, ‘यापूर्वी अर्ज केलेल्या उमेदवारांनी पुन्हा अर्ज करणे आवश्यक आहे’ या सूचनेसह. शुल्क पुन्हा ५०० रुपये. पहिल्या ५०० रुपयांचं काय झालं हे विचारणारी मी कंजूष ठरेन, तरी विचारते.

माझं मागणं यापेक्षा मोठं नाही. जागा वाढवा, हे मी तुम्हाला सांगत नाही. ते तुमच्या हातात नाही, त्यासाठी मंत्रालयाची पायरी वेगळी आहे. तुमच्या हातात जाहिरातीचा मजकूर आहे. त्यात पदाला मंजुरी आहे की ‘मंजुरीच्या अधीन’ आहे ते ठळक लिहा, तळटीपेत नको. ‘एकत्रित मानधन नियमानुसार’ असं लिहू नका, आकडा लिहा. भाजीवालाही आधी भाव सांगतो. तासिका तत्त्वावरचा अनुभव धरणार की नाही ते आधी सांगा, म्हणजे तो सिद्ध करणारी पत्रं गोळा करायला मी सात प्राचार्यांच्या दारात उभी राहणार नाही. छाननीनंतर प्रत्येकाला स्वतःचे गुण कळू द्या. बोर्डाच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलालासुद्धा गुणपत्रिका मिळते. संच एकच मागा आणि तोही मुलाखतीला बोलावलं तर. प्रक्रिया रद्द झाली तर दोन ओळींचा ईमेल टाका. तुमच्या यंत्रणेत आमचे ईमेल आहेत, हे मला माहीत आहे. शुल्क भरल्याची पावती चार सेकंदांत येते.

ती मुलगी आता बेंगळुरूला आहे, एका खाजगी कंपनीत, बियाण्यांच्या कामावर. चांगलं चाललंय म्हणते. समुद्र नाही, एवढंच तिला खटकतं. तिच्या धाकट्या भावाला, जो आता माझ्याच वर्गात आहे, चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स करायचं आहे आणि पुढे पीएच.डी. तो परवा विचारत होता, मॅम तुम्ही गाइड व्हाल का? मी त्याला नियम समजावला. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी पीएच.डी. करू शकतात, आणि मार्गदर्शक पूर्ण वेळ नियमित अध्यापक असावा लागतो. म्हणजे एक प्राध्यापक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, की त्या दारावर आठ मुलांसाठी कुलूप. माझ्या नावाने एकही दार नाही. त्याने वहीत आठ, सहा, चार असं लिहून घेतलं आणि विचारलं, ‘मग आपल्या कॉलेजात किती आहेत?’ विभागात पूर्ण वेळ एकच सर उरले आहेत, पुढच्या जूनला निवृत्त होणारे. ‘त्यांच्या जागेची जाहिरात येईल ना?’ येईल, म्हटलं. कधी, ते तुम्ही सांगा. मी त्याला कळवीन.

कळावे.

आपली,
एक अर्जदार

सोबत : काही जोडलेलं नाही. सर्व कागदपत्रं स्वसाक्षांकित करून, प्रत्येकी तीन संचांत, तुमच्याकडे आधीच आहेत.